अंगाले लागणं : मे महिन्यातलं रावेर आणि चांगदेव

भुसावळला उतरले तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते आणि फलाटावरचा लोखंडी बाक हाताला कोमट लागला. इथला पारा मे महिन्यात 45 अंशांच्या वर जातो, हे आम्ही नाशिकला दरवर्षी बातम्यांत वाचतो. पण रात्रभर न निवलेलं ते लोखंड तळहाताला लागलं तेव्हा खानदेशचा उन्हाळा खरा कळला.

तिथून एसटीने सावदा करत रावेर तालुक्यातल्या मामांच्या गावी. आखाजी होऊन आठवडा झाला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच केळी, पश्चिमेच्या बाजूला गरम वारा अडवायला हिरव्या जाळ्या बांधलेल्या. सकाळी ताठ पसरलेलं केळीचं पान अकरा वाजता मधल्या शिरेशी मिटायला लागतं, दोन्ही अर्धी खाली झुकतात, घराच्या कौलारू पाख्यांसारखी. ते बघत मी खळ्यात बसले होते, तर मामा शेळ्यांना ढेप घालत होते.

दोन शेळ्या, एकाच वेतातल्या सख्ख्या बहिणी. एक भरलेली, तुकतुकीत. दुसरीच्या फासळ्या मोजता येतील.

"दोघीले सारखंच टाकतो मी, माय," मामा म्हणाले. "जंताचं औषधबी दोनदा पाजलं. पन हिले अंगाले लागतं, तिले नाही लागत."

मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. 'अंगी लागणं' हा शब्द लहानपणापासून ऐकलाय, पण तो माझ्या विषयाच्या इतका जवळ आहे हे त्या खळ्यात पहिल्यांदा जाणवलं. ग्लासगो विद्यापीठातल्या संशोधकांनी ब्राऊन ट्राऊट माशांवर हेच पाहिलंय. माशांना सारखंच खाद्य दिलं, तरी वाढ कमी-जास्त. मग त्यांच्या पेशींतल्या मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पुस्तकातल्या तंतुकणिका, तपासल्या. तंतुकणिका ऑक्सिजन वापरून एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बनवतात. तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये ज्यांच्या तंतुकणिका जास्त एटीपी बनवत होत्या, ते मासे जास्त वाढले होते. हे काम 2019 मध्ये प्रसिद्ध झालं. मामांना सांगितलं तर म्हणाले, "मंग शेळीचं बी पाहा न कोनी."

दुसऱ्या दिवशी पहाटे मामेभावाच्या गाडीवरून चांगदेवला गेले. तापी आणि पूर्णा इथे भेटतात. पाणी बरंच मागे सरलं होतं आणि काठचा गाळ भेगाळून कडक झाला होता. होडीवाले काका जाळं सोडवत होते. समोरच्या उथळ डबक्यात रोहू पाण्याच्या वर तोंड काढून उघडझाप करत होते, पन्नास-साठ तोंडं, आणि त्या शांततेत नुसता पचपच आवाज. "दिवस उगवायच्या आधी लय होतं असं," काका म्हणाले. "मरळीले काही नाही होत."

मरळ सरळ हवेतून श्वास घेते, तिचं निभतं. रोहूचं अवघड. 20 अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, 30 अंशांना साडेसातच. शिवाय रात्रभर शेवाळही तो वापरतं, म्हणून पहाटे टंचाई सगळ्यात जास्त. आणि नेमकं तापलेल्या पाण्यात माशाचं शरीर जास्त ऑक्सिजन मागतं, कारण पाणी जेवढं तापतं तेवढंच त्याचं अंग. न्यूझीलंडमधल्या समुद्री माशांच्या हृदयावर झालेला अभ्यास मला तिथे आठवला. पाणी तापवत नेलं तर हृदय बंद पडायच्या काही अंश आधीच त्याच्या तंतुकणिका ढिल्या पडतात. ऑक्सिजन खर्च होतो, एटीपी हवं तेवढं निघत नाही. त्या पचपच करणाऱ्या तोंडांकडे मला फार वेळ बघवेना.

याच गाळाच्या काठावर जानेवारीत मी पट्टकादंब पक्षी पाहिले होते, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले. आता ते हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडे गेलेत. 7,000 मीटरच्या वर त्यांच्या उड्डाणाची नोंद आहे. तिथल्या विरळ हवेत त्यांचं भागतं, कारण त्यांच्या उड्डाणाच्या स्नायूंत तंतुकणिका पेशीच्या कडेला, रक्तवाहिनीच्या जवळ सरकलेल्या असतात. विहिरीजवळ बिऱ्हाड केलं की पाण्याची खेप लहान होते, तसंच.

परतताना हतनूर धरणावर थांबलो. 41 दरवाजे, सगळे बंद. पावसाळ्यात हे उघडले की तापीकाठी भोंगे वाजतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी 1961 मध्ये जे मांडलं आणि 1978 मध्ये ज्यासाठी त्यांना नोबेल मिळालं, ते धरणाच्या भिंतीवर उभं राहून समजावणं सोपं जातं. तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यापलीकडे प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धनभारित कण, साठवले जातात. ते एका फिरत्या चाकातून परत येतात आणि चाक फिरलं की एटीपी तयार होतं. पण काही प्रोटॉन चाक टाळून पडद्यातून तसेच झिरपतात. त्यांची ऊर्जा नुसती उष्णता होऊन जाते. उंदरात आरामाच्या वेळी जळणाऱ्या ऊर्जेतला पाचवा ते चौथा हिस्सा या झिरपण्यात जातो.

मामेभाऊ लगेच म्हणाला, "म्हणजे वायाच की."

मला ते पटेना. खानदेशात पाझर तलाव मुद्दाम बांधतात. पाणी मुरलं तर खालच्या विहिरी जगतात, याला इथे कुणी गळती म्हणत नाही. तंतुकणिकेतही प्रोटॉन फार तुंबले की घातक ऑक्सिजन कण, सुपरऑक्साइड, जास्त निघतात. थोडा पाझर असला तर ते कमी होतात. नवजात बाळाला आणि शीतनिद्रेतून उठणाऱ्या प्राण्याला तर हाच पाझर ऊब देतो, तपकिरी चरबीतल्या एका खास प्रथिनाच्या वाटेने. तापलेल्या कोंबड्यांची गोष्ट उलटी आहे. ब्रॉयलर कोंबड्यांना अचानक कडक उष्णतेत ठेवलं तेव्हा त्यांच्या स्नायूंतलं त्याच जातकुळीचं प्रथिन कमी झालं आणि सुपरऑक्साइड वाढलं. पाझर राहावा तर अंगात आणखी उष्णता, आटावा तर पेशी आतून पोळणार. दुपारी वाटेतल्या एका पोल्ट्रीवर चोच उघडी टाकून, पंख अंगापासून दूर धरून धापा टाकणाऱ्या कोंबड्या पाहिल्या तेव्हा हा पेच मला फार जवळून दिसला. मालक पत्र्यावर पाण्याचे पाइप सोडून बसला होता, डोळ्याला डोळा लागला नव्हता त्याचा.

घरी आलो तर मामा गोठ्याला ओले गोणपाट बांधत होते. भरलेली शेळी भिंतीला टेकून जोरजोरात श्वास घेत होती. रोडकीही धापत होती, पण उभी होती, ढेपेच्या टोपल्यात तोंड घालून.

"या गुरुवारच्या बाजारात काढनार होतो हिले," मामा म्हणाले.

एका दुपारच्या बघण्यावरून तिच्या पेशींत काय चाललंय ते सांगता येत नाही, हे मला माहीत होतं. तरी म्हणाले, "पाऊस पडेस्तोवर राहू द्या, मामा. मग बघा दोघींचं वजन."

मामांनी गोणपाटाची शेवटची गाठ मारली, बादलीत गुळाचा खडा टाकला आणि ती आधी रोडकीच्या पुढे सरकवली.