तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, रोज किती जण वाचतात ते

"ताई, तुमच्या साइटवर रोज किती जण येतात हो?" हा प्रश्न मला कोणी ना कोणी विचारतंच. परवा ठाणे-वाशी लोकलमध्ये एका जुन्या गिऱ्हाइकाने विचारला, नौपाड्यात आमचं डीटीपीचं दुकान होतं तेव्हा त्यांच्या घरातल्या तिन्ही लग्नांच्या पत्रिका आम्हीच केल्या होत्या. मी उत्तर द्यायला सुरुवात केली आणि ऐरोली आली, ते उतरले, बोलणं अर्धंच राहिलं. म्हणून आता सगळ्यांसाठी एकदाच नीट लिहिते.

दिवसाला शंभर-सव्वाशे माणसं येतात, रविवारी कमी. देवनागरी टायपिंग या एवढ्याशा विषयावर लिहिते मी, जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये (म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-कोडमध्ये) कसा आणायचा, जोडाक्षर का तुटतं, अमुक अक्षर कीबोर्डवर कुठे आहे, त्यामुळे हा आकडा मला पुरेसा वाटतो. पण आकडा ऐकून लोक गप्प होतात आणि खरी मजा त्याच्या पुढेच आहे.

एक तर हा आकडा कुठून घ्यायचा हाच प्रश्न आहे. अ‍ॅनालिटिक्स हे भेटी मोजणारं साधन ब्राउझरमधल्या स्क्रिप्टवर चालतं, ज्याने जाहिराती अडवणारं काहीतरी टाकलंय तो त्यात बरेचदा दिसतच नाही. सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हर आपोआप ठेवतो त्या नोंदवहीत, येणारा प्रत्येक जण दिसतो पण त्यात आपोआप पानं उचलणारी यंत्रंही आली. मागच्या पावसाळ्यात एका सकाळी होस्टिंगच्या पॅनेलमधला आकडा एकदम चौपट झालेला, मी लॉग उघडून बसले तर एकाच आयपी पत्त्यावरून सेकंदाला एक पान, चित्रं नाहीत, स्टाइलची फाइल नाही, नुसता मजकूर उचलणं चाललेलं. माणूस असं वाचत नाही. माणूस एका पानावर येतो, थांबतो, दोन मिनिटांनी दुसरं उघडतो. आणि आमच्यासारख्यांचा लॉग वाचायला डोळ्यांना सवय लागते, कारण पानाच्या वेब-पत्त्यात मराठी असेल तर एकेका अक्षराचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हाने लिहिला जातो, म्हणजे एकटा 'म' तिथे 'टक्का ई शून्य, टक्का ए चार, टक्का ए ई' असा नऊ खुणांचा दिसतो. आता मला 'टक्का ई शून्य' दिसलं की कळतं, आपलं कोणीतरी आलं.

मी साइट २०१० मध्ये सुरू केली तेव्हा त्याच लॉगमध्ये माणूस गुगलवर काय शोधून आला तेही दिसायचं. ऑक्टोबर २०११ पासून गुगलने लॉगिन केलेल्यांचे शब्द झाकायला सुरुवात केली, पुढे सगळ्यांचेच झाकले. तेव्हापासून ते शब्द बघायचे तर सर्च कन्सोल, हे गुगलचंच साइट चालवणाऱ्यांसाठीचं साधन. त्यात तुमचं पान शोधात किती वेळा दिसलं, किती जणांनी क्लिक केलं, सरासरी कितव्या नंबरवर होतं, हे शब्दागणिक मिळतं. फक्त सोळा महिन्यांचंच ठेवतात, म्हणून मी दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सगळं उतरवून शीटमध्ये चिकटवते. हे मी कधीच चुकवत नाही.

आता दऱ्यांची गोष्ट. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, हा फरक टाइप करता येत नाही म्हणून माणसं अक्षरशः रडकुंडीला येतात. मी त्यावर पान लिहिलं होतं आणि मथळा दिला होता 'नुक्तायुक्त र आणि हलन्ताचा वापर' (नुक्ता म्हणजे अक्षराखालचं टिंब, हलन्त म्हणजे अक्षराचा पाय मोडणारी खूण). पान शोधात भरपूर दिसायचं पण क्लिक जवळजवळ नाहीतच. मग एका रात्री मी शोधशब्दांची यादी वरपासून खालपर्यंत वाचली. 'दऱ्या मधला र', 'अर्धा र कसा काढायचा', 'गिऱ्हाईक टायपिंग'. नुक्तायुक्त एकानेही म्हटलं नव्हतं! दुकानात काउंटरला उभं राहून लोक जसं विचारायचे तसंच विचारत होते आणि मी उत्तर पुस्तकातलं देत होते. मथळा बदलून 'दऱ्या, सुऱ्या, गिऱ्हाईक यातला अर्धा र असा टाइप करा' केला, आणि पहिल्याच ओळीत उत्तर टाकलं: इनस्क्रिप्ट कीबोर्डमध्ये 'जे'वर र आहे, शिफ्ट धरून 'जे' दाबलं की खाली टिंब असलेला ऱ येतो, मग 'डी'वरचा हलन्त, मग य. महिन्याभरात ते माझं सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान झालं.

त्याच यादीत आणखी एक सापडलं. 'दऱ्या' हा शब्द दोन ओळींत दोनदा, डोळ्यांना हुबेहूब सारखा. कारण हाच अर्धा र काही जण साध्या र ला हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह लावून करतात, दिसायला तोच, आत कोड वेगळे. 'अॅप'चंही तसंच, सुट्टं 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ला आलं, त्याआधीची सवय असलेले अजून अ वर चंद्र देतात. त्यामुळे मराठी शोधशब्द मोजताना एकच लेखन धरून मोजलंत तर निम्मे वाचक हातातून निसटतात. मी सगळी रूपं धरूनच बेरीज करते.

हल्ली बरंच उत्तर शोधाच्या पानावरच मिळतं, त्यामुळे पान दिसतं तेवढंच पण क्लिक कमी होतात. वाईट वाटतं, पण त्या माणसाचा र तर निघाला ना.

एक गोष्ट मात्र सर्च कन्सोलही दाखवत नाही. फार थोड्या जणांनी विचारलेला शब्द असेल तर ओळख उघड होऊ नये म्हणून गुगल तो लपवतं. आणि मला नेमके तेच हवे असतात. म्हणून मी साइटवर स्वतःची शोधपट्टी ठेवली आहे, कोणी लिहिलं ते त्यात साठत नाही, फक्त काय लिहिलं ते साठतं. गेल्या मंगळवारी त्यात एक ओळ होती: 'बाबांची पेजमेकर फाइल नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात'. खाली उत्तर, काही सापडलं नाही. मी ती ओळ कितीतरी वेळ बघत बसले. पेजमेकर म्हणजे छपाईची पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर. जुने मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवायचे, फॉन्ट गेला की मागे इंग्रजी कचरा उरतो, पण बाबांनी टाइप केलेलं सगळं अजून त्यातच असतं आणि फॉन्ट ओळखला तर परत वाचता येतं. पेजमेकरची शेवटची ७.० आवृत्ती २००१ची, म्हणजे अशा फाइली किती घरांत पडून असतील.

ते पान मी लिहायला घेतलंय. तपासायला मला खऱ्या जुन्या फाइली हव्यात, तुमच्याकडे असतील तर कॉपी पाठवा, आणि त्या वेळी कुठला फॉन्ट वापरत होतात ते आठवलं तर तेवढं लिहा.