खिशातली वही, नोंद तिसरी: पाडवा ते आषाढ

मागच्या नोंदीत टेबलावर बसून आठ पेनं एकाच कागदावर चालवली होती आणि निकाल लावून मोकळा झालो होतो. ती नोंद बाद समजा. तिच्यात पहिली-दुसरी आलेली पेनं मार्केट यार्डात आठवडाभरही टिकली नाहीत.

माझं लिहिणं कसलं, ते आधी सांगायला हवं होतं. सांगलीत हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. पक्का हिशेब संगणकावर जातो, पण थप्पीपाशी उभं राहून पोती, वजन, दर टिपायचे ते खिशातल्या वहीतच. संध्याकाळी त्याच वहीत दूध, किराणा, गॅसचा नंबर. पावसाळा लागला की कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, हे आकडे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात. म्हणजे माझं निम्मं लिखाण उभ्यानं, डाव्या तळहातावर वही ठेवून, घामेजल्या हातानं. टेबलावरच्या चाचणीला इथे कोण विचारतो!

पाडव्याला हौसेनं एबोनाइटचं (कडक रबराचं), ड्रॉपरनं शाई भरायचं पेन खिशाला लावलं. हातात इतकं सुंदर बसतं की बाकी सगळं माफ करावंसं वाटतं. पण एप्रिलचं ऊन आणि शर्टाचा खिसा. शाई अर्ध्याखाली गेली की रिकाम्या जागेत हवा भरते, अंगाच्या उबेनं ती हवा फुगते आणि शाईला पुढे रेटते. टोपण काढलं की निबेच्या टोकाशी थेंब तयारच. एक थेंब नेमका दराच्या आकड्यावर पडला. संध्याकाळी शेठ चष्मा वर करून विचारतात, "दिवाणजी, हे चौदा हजार का अठरा हजार?" मला सांगता येईना. पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचा हिशेब, करायची थांबली, शेतकऱ्याला फोन लावावा लागला. टाकी भरलेली ठेवा हा उपाय तुम्ही सांगणार, मलाही माहीत आहे. पण रोज सकाळी दुकानाला निघताना शाई भरत बसणारा माणूस मी नव्हे, हे या तीन महिन्यांत कळलं.

दुसरा त्रास हळदीच्या धुळीचा. सौदा चालू असताना हवाच पिवळी असते, ती धूळ निबेच्या चिरेत जाऊन बसते आणि पेन मधूनच कोरडं पडतं. एकदा घरी साबणाच्या पाण्यात निब बुडवली तर वाटीत लालसर तार सुटली. क्षणभर वाटलं बोटच कापलं. मग डोक्यात प्रकाश पडला, हळदीला साबणाचा क्षार लागला की ती लाल होते, शर्टावरच्या डागाचं होतं तसंच. आता निब नुसत्या साध्या पाण्यात धुतो. आणि शाईचं पेन दुकानात नेतच नाही, ते रात्रीच्या पानापुरतं.

मग जेल. ०.७ मिलिमीटर टोकाचं काळं जेल दिसायला झकास, पण देवनागरीला जाड रेघ सोसत नाही. रोमन लिपीवाल्यांच्या चाचण्या वाचून आपण पेनं घेतो आणि इथे फसतो. आपण शब्द लिहून झाल्यावर वरून शिरोरेघ ओढतो, म्हणजे ओल्या अक्षरांच्या डोक्यावरून टोक परत एकदा जातं. जाड पेनात ‘ध’ची गाठ बुजून त्याचा ‘घ’ होतो, ‘भ’चा ‘म’ होतो, आणि घाईत लिहिलेला ५ आणि ६ तर सख्खे भाऊ. (मोडीवाले शहाणे. आधी अख्ख्या ओळीची रेघ मारून घ्यायची आणि मग तिला अक्षरं टांगत जायची.) पायलटचं व्ही फाइव्ह, हे जेल नव्हे, पातळ शाईचं पेन, टोक ०.५ चं, पण कागदावर रेघ त्याहून बारीक उतरते, साधारण ०.३ ची. सहा मिलिमीटरच्या ओळीत वेलांटी, रफार, अनुस्वार सगळं सुटं राहतं. आकड्यांसाठी मला त्याहून चांगलं काही सापडलेलं नाही. शाई मात्र पाण्यात विरघळणारी, हे ध्यानात ठेवून वापरायचं.

पाण्याचं वेड मला का, ते सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा गावभागातल्या आमच्या घरात ते खालच्या कपाटापर्यंत आलं. पाणी उतरल्यावर आप्पांच्या जुन्या वह्या गच्चीवर पसरल्या. शाईच्या पेनानं लिहिलेली पानं आकाशी झाली होती, एक अक्षर वाचता येत नव्हतं. बॉलपेनची पानं चिखलानं माखली तरी वाचता आली. आणि आईनं पेन्सिलीनं मांडलेला दुधाचा हिशेब, अर्धा लिटर, एक लिटर, खाडा, जसाच्या तसा. आप्पा लहानपणी शाईच्या पुड्या कालवून लिहिणारे; कॅम्लिननं १९३१ मध्ये धंदा सुरू केला तो घोडा छाप पुड्यांवरच. हिशेबाचं ते पान आप्पा उन्हात धरून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "तुझ्या आईचं दूध तेवढं राहिलं बघ."

त्यामुळे या खेपेला प्रत्येक पेनाची एकेक ओळ लिहिली, रात्रभर वाळू दिली आणि पान बादलीत दहा मिनिटं बुडवलं. साधी रॉयल ब्लू शाई गेली. व्ही फाइव्ह वाचण्यापुरतं, तेही डोळे बारीक केले तर. दोन जेलांपैकी एक पसरलं, दुसरं हललं नाही. ज्याच्या शाईत रंगद्रव्याचे कण असतात ते टिकतं, नुसता विरघळलेला रंग असतो तो जातो. बॉलपेनला काही झालं नाही. एचबी पेन्सिलीला तर पाणी लागलंय हेच कळलं नसावं.

आता वहीकडे, कारण खरी प्रगती तिथे आहे. विकतच्या ए-सहा (ए-चारच्या चौथाई) वह्या खिशातून दोन बोटं वर येतात आणि वाकलं की पोत्यावर पडतात. म्हणून घरी शिवायला लागलो. ७५ जीएसएमचे (चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाचे) सहा ए-चार कागद, मधून कापून बारा ए-पाच, त्यांना घडी घालून ४८ पानं. आरीनं तीन भोकं, मेण लावलेला दोरा, वर लाल खारव्याचं कापड, चोपडीला असतं ते. मग गणपती पेठेतल्या बाइंडरकडून ९ बाय १४ सेंटिमीटरला कापून घेतली. त्यानं कापायचे पैसे घेतले नाहीत, पण "एवढ्याशा वहीत काय मावतंय वो?" असं दोनदा विचारलं.

एक गोष्ट अपघातानं सापडली. पहिल्यांदा मोठी, ए-पाच वही केली होती, ती उघडी राहीना आणि पहिल्या पावसात शिवणीपाशी लाटा उठल्या. ए-सहा मात्र सपाट. कारण कागदाच्या तंतूंची दिशा. ए-चारचे तंतू बहुधा लांबीला समांतर असतात. ए-चारची एकच घडी घातली तर शिवण तंतूंना आडवी येते. कापून पुन्हा घडी घातली की शिवण तंतूंच्या बाजूनं जाते. दमट हवेत कागद तंतूंना आडवा फुगतो, त्यामुळे शिवण उलटी पडली तर फुगायला जागाच उरत नाही. पाहायचं असेल तर कागद दोन्ही बाजूंनी फाडून बघा, ज्या दिशेनं सरळ फाटतो ती तंतूंची.

मागच्या पानाला जाड पुठ्ठा लावणं मात्र विसरू नका. बॉलपेनला दाब लागतो, आणि तळहातावर नुसती मऊ वही धरली तर रेघ खड्ड्यात जाते. हे मला आमच्या हमालानं सांगितलं, "दिवाणजी, पाटी घ्या की पाठीमागं!"

सध्याची जोडी अशी: पाण्यात टिकतं म्हणून दुकानात बॉलपेन, कानावर पेन्सिल, घरी शाई. तिसऱ्या वहीची २१ पानं उरलीत. काल आप्पांनी एक वही मागितली, दुधाच्या हिशेबाला. मी खूश. पण त्यांना रेघा मारलेली हवी आहे, म्हणजे आज रात्री ४८ पानांवर पट्टी घेऊन बसायचंय.