आमची वाटचाल: फरसाणाच्या पाकिटांपासून रॉकेटमधल्या फुग्यापर्यंत

भोसरीतला आमचा कारखाना फरसाण-मसाल्याच्या पाकिटांवर उभा राहिला. आजही पगार त्यातूनच निघतात. हे आधीच सांगतो, कारण 'रॉकेटचं काम' म्हटलं की बँकवाल्यांपासून सोयऱ्यांपर्यंत सगळ्यांना भलतंच काही वाटतं.

फुग्याचं खूळ एका प्राध्यापकांनी डोक्यात घातलं. हवामानाचा रबरी फुगा ३०-३५ किलोमीटरवर फुटतो आणि दीडशेच्या खाली उपग्रह फार टिकत नाही. मधल्या पट्ट्यातली हवा मोजायला रॉकेटच जाणार. केरळातल्या थुंबा तळावरून आरएच-२०० ही छोटी भारतीय रॉकेटं वर तांब्याच्या बारीक तारा सोडत आली. त्या वाऱ्याबरोबर वाहतात, रडारला दिसतात, म्हणून वारा कळतो. हवा किती विरळ आहे ते कळायला अमेरिकेत १९६० च्या दशकात दुसरी युक्ती वापरात होती: १ मीटर व्यासाचा, चकचकीत पॉलिएस्टरचा फुगा. रॉकेटमधून सुटून तो फुगतो आणि खाली येताना रडार त्याच्यावर नजर ठेवतं. हवेने त्याला किती अडवलं यावरून घनता काढायची. आत ना यंत्र, ना बॅटरी. मी भाळलो तो यावरच.

फिल्म १२ मायक्रॉनची, अख्ख्या फुग्याला जेमतेम ५० ग्रॅम. पैसा जातो गोलाईत. फुग्याचे लांबट तुकडे, म्हणजे पाकळ्या, जोडताना एखादी शिवण ओढली गेली की आकार बिघडतो आणि घनतेचा आकडाही बिघडतो. पाकिटाच्या मशीनवर हे जमेचना. शेवटी लाकडी साच्यावर हातानेच सीलिंग सुरू केलं. आमच्या सीलिंगच्या ताई प्रत्येक पाकळी आधी काचेच्या टेबलावर पसरतात, खालून दिवा लावतात. सुईच्या टोकाएवढं भोकही ताऱ्यासारखं चमकतं. असली पाकळी बाद.

फुगवायला आयसोपेंटेन, म्हणजे पटकन उडून जाणारं द्रव, १८-२० ग्रॅम, छोट्या कुपीत. निर्वात पोकळीत कुपी फुटली की त्याची लगेच वाफ होते. चाचणीला मोठी निर्वात टाकी भाड्याने घेतली, तर कुपी फुटायच्या आधीच फुगा फाडकन उघडला! घड्यांत अडकलेली हवा. आता घडी घातल्यावर पंप लावून रात्रभर हवा ओढतो.

गिऱ्हाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला: रडारचं काय? फुगा हजारांत, रडार कोटींत. त्यावर माझ्या मुलीचं म्हणणं, आत त्वरणमापक (हवा फुग्याला किती अडवते ते आतूनच मोजणारं यंत्र) आणि छोटा रेडिओ बसवू, रडारच नको. म्हणजे बॅटरी आली, वजन आलं, गोलाईची नवी डोकेदुखी आली. माझा विरोध अजून कायम आहे. पण पुढची बॅच दोन्ही प्रकारांत निघेल, कारण तिच्या प्रकाराची चौकशी जास्त येते.