तुम्ही विचारलंत म्हणून: कोलेस्टेरॉलची गोळी डोळ्यांसाठी कशी?

गेली बारा वर्षं मी डोळ्यांच्या दवाखान्यात पडद्याचे फोटो काढते. बाहुली मोठी व्हायचे थेंब घातले की पेशंट अर्धा तास बाकावर बसून असतात, आणि तेव्हाच हा प्रश्न येतो. "ताई, मला त्रास शुगरचा. मग डोळ्यांसाठी कोलेस्टेरॉलची गोळी कशाला लिहिली?"

माझ्या आईनंही हेच विचारलं होतं. तिचा फोटो मीच काढला. नारिंगी पडद्यावर पिवळे ठिपके, तुरीच्या डाळीची चुणी सांडावी तसे. शुगरनं बारीक रक्तवाहिन्या कमजोर होतात, त्यांतून चरबी पाझरते आणि पडद्यात साठते, तेच हे ठिपके. आईला तेव्हा सुईत दोरा ओवता येत होता, त्यामुळे तिला पटेचना. या दुखण्यात मला सगळ्यात भीती याचीच वाटते. पडदा बिघडत असतो आणि दिसत मात्र छान असतं.

गोळीचं नाव फेनोफायब्रेट. मूळची ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक चरबी, उतरवणारी. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि फिनलंडमध्ये ९,७९५ मधुमेहींवर तिचा अभ्यास झाला, तोही हृदयासाठी. २००७ साली त्यातून डोळ्यांची गोष्ट पुढे आली. पडद्यावर लेझरचा उपचार करावा लागला तो गोळीवाल्यांत ३.४ टक्के लोकांना, इतरांत ४.९ टक्के. मग २०२४ मध्ये स्कॉटलंडचा अभ्यास आला, खास डोळ्यांसाठीच केलेला. पडद्यात सुरुवातीचे बदल असलेले १,१५१ जण. साधारण चार वर्षांत दुखणं वाढलं ते गोळीवाल्यांत २२.७ टक्के जणांचं, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत २९.२ टक्के. पहिल्या अभ्यासात तर हा फायदा कोलेस्टेरॉल किती उतरलं यावर अवलंबून नव्हता. म्हणजे गोळी पडद्यावर आणखी काहीतरी काम करत असावी.

स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवणारी नेहमीची गोळी वेगळी, ती हृदयासाठी. एक चालू आहे म्हणून दुसरी मनानं बंद करू नका, आणि फेनोफायब्रेट दुकानातून परस्पर आणूही नका. तिनं रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारा आकडा, वाढतं, म्हणून किडनीची तपासणी बघूनच डॉक्टर ती देतात. गेलेली नजर ती परत आणत नाही. पडद्याला सूज आली असेल तर डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागू शकतात.

आई आता दर वर्षी येते. थेंबांची बाटली दिसली की डोळे घट्ट मिटते. "जळजळतं गं," म्हणते. मी एका बोटानं तिची पापणी खाली ओढून धरते, आणि थेंब आत जाईपर्यंत सोडत नाही.