हरवलेला अंक

लहानपणी आमच्याकडे मुलांचं एक मासिक यायचं. त्यातल्या चालू गोष्टीखाली 'क्रमशः' असं छापलेलं असे आणि त्या विसर्गाचे दोन ठिपके मला डोळे वटारल्यासारखे दिसत. एकदा गोष्टीतली दोन पोरं बेटावर अडकली आणि नेमका पुढचा अंक आलाच नाही. पोस्टात गहाळ झाला की शेजाऱ्यांनी ढापला, देव जाणे. शेवटी दादाने तो भाग रात्री अंथरुणात पडल्या पडल्या रचून सांगितला. त्यात एक मगर होती आणि आमच्या नाक्यावरचा पानवालाही होता.

हे आठवलं ते रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन या लेखकाच्या 'ट्रेझर आयलंड' या खजिन्याच्या शोधाच्या कादंबरीमुळे. १८८१ सालच्या पावसाळी दिवसांत स्कॉटलंडमधल्या ब्रेमारला हा गृहस्थ घरात अडकला होता. सोबतीला शाळकरी सावत्र मुलगा आणि त्याची रंगपेटी. खेळता खेळता एका बेटाचा नकाशा रंगवला गेला आणि नकाशातून गोष्ट निघाली. रोज एक प्रकरण लिहायचं आणि घरच्यांना वाचून दाखवायचं. ऐकता ऐकता स्टीव्हन्सनचे वडीलही इतके पेटले की गोष्टीतल्या बिली बोन्स या म्हाताऱ्या खलाशाच्या पेटीत काय काय सापडलं त्याची यादी त्यांनी एका पाकिटाच्या पाठीवर स्वतः करून दिली! (दीपगृहं बांधणारा माणूस. काम सोडून हे.)

पंधरा दिवसांत पंधरा प्रकरणं झाली आणि सोळाव्याला गाडी अडली. इकडे सुरुवातीच्या प्रकरणांची छापील प्रुफं यायला लागलेली आणि पुढचा मजकूर डोक्यातसुद्धा नाही. पुढे स्वित्झर्लंडमधल्या दाव्होसच्या थंडीत एकदाची गोष्ट पुरी झाली. आता पुस्तक उघडून सोळावं प्रकरण बघा. तिथवर जिम हा गोष्टीतला पोरगा सांगत असलेली गोष्ट अचानक डॉक्टर लिव्हसी सांगू लागतो. माझा आपला संशय: अडलेल्या लेखकाने गाडीवान बदलून पाहिला असणार.

'यंग फोक्स' या मुलांच्या साप्ताहिकात ऑक्टोबर १८८१ ते जानेवारी १८८२ ही गोष्ट 'कॅप्टन जॉर्ज नॉर्थ' या टोपणनावाने आली. आणि कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. सफरचंदाच्या पिंपात लपलेल्या जिमच्या कानावर सिल्व्हर या चाच्याचं बोलणं पडतं, तिथे मी दोनदा चहा गार केला आहे. साप्ताहिक वाचणाऱ्या पोरांना मात्र पुढच्या आठवड्याची घाई नव्हती. त्यांना स्टीव्हन्सनचीच दुसरी गोष्ट, 'द ब्लॅक ॲरो', जास्त आवडली. आता काय बोलायचं!

खरी चुटपुट पुढेच. १८८३ साली पुस्तक निघायच्या वेळी प्रकाशकाकडे पाठवलेला मूळ नकाशा गहाळ झाला. स्टीव्हन्सनला आपल्याच पुस्तकातून खाडी, टेकडी, अंतरं शोधत नवा नकाशा जुळवावा लागला. तो वडिलांच्या ऑफिसात नीट काढून घेतला. खजिना पुरणाऱ्या कॅप्टन फ्लिंट या चाच्याची खोटी सही वडिलांनीच ठोकली. पुस्तकात आजही तोच आहे. पण आपल्याला ते बेट कधी खरं वाटलं नाही, असं स्टीव्हन्सनने पुढे लिहून ठेवलं आहे.

दोनेक वर्षांपूर्वी एका वाचनालयात त्या मासिकाचे जुने अंक बांधून ठेवलेले दिसले. आमचा हरवलेला अंकही त्यात होता. उभ्या उभ्याच वाचला. पोरं तराफा करतात, वादळ येतं, एक जहाज दिसतं. सगळं व्यवस्थित होतं.

घरी येऊन दादाला फोन केला. तो म्हणाला, "आणि पानवाला?"