दुसरा टक

शुक्रवारी सकाळी गिटारवाल्याचा फोन आला. अल्बम मध्यरात्री सगळीकडे आला होता, त्यामुळे खुशीत बोलेल असं वाटलं. त्याने एवढंच विचारलं, "पत्रकात तू दोन टक लिहिलेत. दुसरा कुठला?"

मी एका छोट्या स्वतंत्र रेकॉर्ड लेबलमध्ये, म्हणजे संगीत प्रसिद्ध करणाऱ्या कंपनीत, काम करते. आमच्याकडे इंडी आणि प्रायोगिक रॉक वाजवणारी मंडळी आहेत. मास्टर फाइल, म्हणजे गाण्यांचं अंतिम रेकॉर्डिंग, हातात पडल्यापासून रेकॉर्डचे खोके पोस्टात जाईपर्यंतचं सगळं माझ्याकडे असतं. २०१५ च्या जुलैपासून नवं संगीत जगभर शुक्रवारी येतं, म्हणून आमचा गुरुवार कधीच वेळेवर संपत नाही. यातलं बरंचसं काम कारकुनीचं. प्रत्येक गाण्याची ओळख असलेला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी कोड, श्रेयनामावली, मुखपृष्ठाची मापं. बाहेरच्यांना वाटतं आम्ही दिवसभर गाणी ऐकतो. खरं ऐकणं एकाच दिवशी होतं, टेस्ट प्रेसिंग येतात त्या दिवशी.

कारखाना आधी पाच कोऱ्या लेबलांच्या प्रती पाठवतो. त्या ऐकून आपण लेखी होकार दिला की बाकीच्या छापतात. पाचही प्रती पहिल्या खाचेपासून शेवटच्या खाचेपर्यंत ऐकायच्या, हा माझा नियम. खट्ट असा आवाज एकाच प्रतीत आला तर दोष त्या प्रतीचा. पाचही प्रतींत त्याच जागी आला तर दोष साच्यात किंवा त्याच्याही मागे. तो ठरावीक अंतराने येत असेल तर घड्याळ लावायचं. रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेते, म्हणजे एका फेरीला १.८ सेकंद. दर १.८ सेकंदांनी टक वाजला की समजायचं, सुई फेरीत एकदा कशाला तरी अडखळतेय. हे मी नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवते.

या अल्बमवर माझा जीव होता. तिघंच वाजवणारे: गिटार, बास, ड्रम्स, आणि त्यांच्याबरोबर फिरणारं एक जुनं टेप मशीन. बी बाजूवर शेवटी काय ठेवायचं हे मीच भांडून ठरवलं होतं. फेऱ्यांचा वेग तोच राहतो, पण सुई आत सरकते तशी एका फेरीची लांबी कमी होत जाते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच जाते, अगदी आत जेमतेम २१. तेवढ्याच जागेत तेवढाच आवाज कोंबायचा म्हटल्यावर झांजा आणि कर्कश गिटार फाटायला लागतात. त्यांना शेवटी सगळ्यात मोठ्या आवाजाचं गाणं हवं होतं. मी मोजमापं मांडून दाखवली आणि ते बाहेरच्या कडेला नेलं. शेवटी आलं सगळ्यात शांत गाणं: बासचा एक लांब सूर, वर गिटारचा हलका फीडबॅक आणि खाली एक टक. तो टक जुन्या रेकॉर्डच्या शेवटच्या रिकाम्या खाचेतून टेपवर घेऊन त्याचा लूप केलेला, म्हणजे तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहणारा.

टेस्ट प्रेसिंग ऐकताना त्या गाण्यात मला दोन टक ऐकू आले. आधी एकावर एक, जाडसर. मग एक किंचित मागे पडला. हळूहळू अंतर वाढत गेलं, मधे दोघे अगदी समसमान अंतरावर वाजले आणि मग पुन्हा एकमेकांकडे यायला लागले. माझ्या अंगावर काटा आला. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइशने १९६५ मध्ये एकाच आवाजाचे दोन टेप लूप असेच एकमेकांपासून सुटू दिले होते. इथे एका रॉक बँडने तेच तंत्र धुळीच्या एका कणाच्या आवाजावर लावलं, असं मला वाटलं. पाचही प्रतींत ते सारखंच होतं.

तपासलं नाही असं नाही. स्टॉपवॉच घेतलं: दहा टक, अठरा सेकंद. मास्टर फाइल उघडली. टकांचे उभे काटे ओळीने दिसत होते, तेवढ्याच अंतरावर. म्हणजे टक मूळचाच. मी होकार पाठवला आणि त्याच संध्याकाळी प्रसिद्धीपत्रकात लिहिलं की शेवटच्या गाण्यात दोन टक एकमेकांपासून दूर जातात आणि परत भेटतात. पत्रकातलं ते माझं आवडतं वाक्य होतं.

फोन आल्यावर मी फाइल पुन्हा उघडली आणि या वेळी शेवटपर्यंत ऐकली. टक एकच होता. मग बारकाईने मोजलं. दोन टकांमध्ये १.८३ सेकंद. त्याचं टेप मशीन किंचित हळू चालतं, त्यामुळे मूळचे १.८ ताणले गेले होते. दहा टकांमागे फरक तीन दशांश सेकंदांचा, अंगठ्याने दाबलेल्या स्टॉपवॉचला तो धड कळत नाही. दुसरा टक रेकॉर्डचा होता, बरोबर १.८ चा. बी बाजू दिव्याखाली तिरपी धरून भिंगातून पाहिली तेव्हा आतल्या भागात एक केसासारखी रेघ दिसली. सेंटिमीटरभरही नसेल, पण सत्तरेक खाचा आडव्या कापत गेली होती. सत्तर फेऱ्या म्हणजे दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत सेकंदाचा तीन शतांश फरक साचत जातो आणि टक एकमेकांपासून सुटून परत भेटतात.

मला सगळ्यात जास्त काय टोचलं ते सांगते. हाच टक एखाद्या साध्या गाण्यात आला असता तर मी क्षणात पकडला असता. प्रायोगिक म्हटल्यावर मी मनाशी धरून चालले की जे वाजतंय ते त्यांनीच ठेवलं असणार. ते मला त्यांचा मान राखणं वाटलं. त्यांनी प्रत्येक आवाज निवडून ठेवला होता आणि मी त्यात कारखान्यातला ओरखडा घालून त्यांचं कौतुक करत बसले.

तोपर्यंत दोन परीक्षणं आली होती. दोन्हींत दोन टकांचा उल्लेख होता. परीक्षकांना आम्ही फाइल पाठवली होती, रेकॉर्ड नाही. फाइलमध्ये दुसरा टक नाहीच. त्यांनी माझं वाक्य उचललं, ऐकलं नाही. मी निदान चुकीचं का होईना, ऐकलं होतं.

कारखान्याचं उत्तर दोन ओळींचं आलं: टेस्ट प्रेसिंगला तुमचा होकार आहे. कागदोपत्री त्यांचंच बरोबर. पण स्टॅम्पर, म्हणजे रेकॉर्ड छापायचा साचा, यंत्रावर चढवण्याआधी डोळ्यांखालून घालणं त्यांचं काम आहे, आणि ती रेघ नुसत्या भिंगाने दिसते. आमचे मालक म्हणाले, तीनशेच प्रती आहेत, निम्म्या पोस्टात गेल्यात, असल्या संगीतात कोणाला कळणार? त्या वाक्यावर मी त्यांच्याशी जन्मात पहिल्यांदा आवाज चढवून बोलले. ते वाक्य मला इतकं का झोंबलं हे नंतर कळलं. होकार देताना मीही तेच केलं होतं, फक्त भक्तिभावाने.

नशिबाने मदर शाबूत होती. आवाजाच्या खाचा आधी लॅकर नावाच्या तबकडीवर कापतात. त्या लॅकरवर चांदीचा थर देऊन त्यावरून निकेलचा पहिला साचा निघतो, त्यावरून मदर, आणि मदरवरून छपाईचा स्टॅम्पर. साच्यांपैकी खाचा फक्त मदरला असतात, म्हणून ती सुई ठेवून वाजवता येते. कारखान्यातल्या एका तंत्रज्ञाने आपणहून वाजवून पाहिली आणि रेकॉर्डिंग पाठवलं. टक एकच. म्हणजे ओरखडा स्टॅम्परचाच. पुन्हा लॅकर कापायची गरज नव्हती, मदरवरून नवा स्टॅम्पर काढता येणार होता. त्या माणसाने अर्धा तास दिला नसता तर आम्ही अजून पत्रव्यवहारच करत बसलो असतो.

ज्यांच्याकडे प्रती गेल्या होत्या त्या प्रत्येकाला मी स्वतः लिहिलं: काय झालंय, कोणत्या मिनिटाला ऐकू येईल, बदलून हवी असेल तर नवी प्रत कधी मिळेल. पत्रकातलं वाक्य काढलं आणि दोन्ही परीक्षकांना कळवलं. एकाने दुरुस्ती छापली. बदलून फार थोड्यांनी मागितली. काहींनी मुद्दाम कळवलं की आम्ही हीच ठेवतो. ड्रमरही तेच म्हणत होता, राहू दे, छान वाजतंय. गिटारवाला अडून बसला.

पुढच्या आठवड्यात तो ऑफिसात आला आणि म्हणाला, लाव. मी सदोष प्रत लावली. तो जमिनीवर बसून ऐकत राहिला. टक सुटले, मधोमध आले, भेटले. सुई शेवटच्या रिकाम्या खाचेत जाऊन फिरत राहिली, ती मी उचलली नाही.

"तुला हे खरंच आवडलं होतं?"

"हो."

"अजूनही?"

मी हो म्हणाले. त्याने रेकॉर्ड उचलून कव्हरात घातली आणि ती बरोबर घेऊन गेला. का, ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.