पेन्सिल कुणाची, शाई कुणाची

दुकानांच्या पाट्या हातानं रंगवल्या जायच्या तेव्हा कामाची वाटणी ठरलेली असे. उस्ताद खडूनं अक्षरं आखणार, आणि पोऱ्या आत रंग भरणार. कॉमिक्सच्या पहिल्या पानावर ‘पेन्सिल अमक्याची, इंक तमक्याची’ असं वाचलं की आपल्या बेळगावकडच्या माणसाला हीच वाटणी आठवते. पेन्सिलर, म्हणजे पेन्सिलीनं चित्र काढणारा, तो उस्ताद; इंकर, म्हणजे त्यावर शाई करणारा, तो पोऱ्या. पण छपाईसाठी हातानं काढलेलं मूळ पान दहा मिनिटं नीट बघा, की हा समज तिथंच संपतो.

आधी आकार डोक्यात बसू दे. छापील अमेरिकन कॉमिक साधारण साडेसहा बाय सव्वादहा इंचांचं असतं. मूळ पान काढतात ११ × १७ इंचांच्या ब्रिस्टल बोर्डावर, म्हणजे चित्रकामाच्या जाड कागदावर, आणि त्यात चित्राची जागा १० × १५ इंच. म्हणजे छापताना चित्र दोन तृतीयांश होतं. १९६७ च्या सुमारापर्यंत तर नुसतं चित्रच साधारण साडेबारा बाय साडेअठरा इंचांचं असे आणि छपाईत जवळजवळ निम्मं होई. हे आकडे कोरडे वाटतील, पण रेषेचा सगळा हिशेब त्यांच्यावर चालतो. मूळ पानावरची एक मिलिमीटरची रेष जुन्या पद्धतीत अर्ध्या मिलिमीटरची व्हायची. हाताची थरथर, कडेची खडबड त्यात लपून जायची. म्हणून साठच्या दशकातल्या पानांवर मोकळे, मोठ्या मनगटाचे फटकारे दिसतात. कागद लहान झाला तसा हात आखडला, हे माझं मत. जुनी-नवी पानं शेजारी ठेवून बघणाऱ्याला ते फारसं अमान्य होणार नाही.

आता बघायचं कसं. वरचा दिवा बंद करा. टेबललॅम्प पानाच्या बाजूला, जवळजवळ कागदाच्या पातळीवर आणा. आडव्या उजेडात पहिली दिसते ती पेन्सिलीची खाच. शाई वाळल्यावर रबरानं शिसं पुसलं जातं, पण दाबून काढलेल्या रेषेचा चर कागदात राहतो. समजा, एका चेहऱ्याच्या जबड्यावर हा चर हनुवटीपासून कानापर्यंत सलग गेलाय. शाईची रेष मात्र तशी गेलेली नाही. हनुवटीखाली ती जाड आहे, गालाकडे निमुळती होत मध्येच तुटली आहे, आणि कानाच्या पाळीखाली पुन्हा उगवली आहे. ती तूट पेन्सिलीत नव्हती. उजेड गालावर कुठून पडतोय हे ठरवलं इंकरनं, तेही रेष न काढून. चर आणि शाई जिथं जिथं वेगळ्या वाटेनं जातात तिथं थांबा. दोन माणसांचं काम वेगळं ओळखायची याहून खात्रीची जागा पानावर दुसरी नाही.

मग भरीव काळे भाग बघा. पेन्सिलर काळं स्वतः भरत बसत नाही. बाह्यरेषा काढून आत छोटी फुली मारतो, ‘इथं काळं’. शाई पातळ बसली असेल तर त्या फुल्या खालून अजून दिसतात. फुली हा नुसता निरोप. त्या काळ्याची कड कशी ठेवायची हे फुली सांगत नाही. कड सुरीनं कापल्यासारखी ठेवली तर वस्तू धातूची किंवा काचेची वाटते. काळ्यातून पांढऱ्याकडे निमुळते फटकारे ओढले तर कापड, स्नायू, धूर. या फटकाऱ्यांना फेदरिंग म्हणतात. दहापट भिंगातून बघितलं तर प्रत्येक फटकारा काळ्याच्या बाजूला रुंद आणि दुसऱ्या टोकाला सुईसारखा दिसतो, कारण कुंचला टेकवून ओढत ओढत उचललेला असतो. दोन्ही टोकं बोथट असतील तर ते मार्करचं काम समजा. वीस-पंचवीस फटकारे एकाच लांबीचे, एकाच अंतरावर, आणि एकही शेजाऱ्याला चिकटलेला नाही, असं दिसलं की हात पक्का आहे हे वेगळं सांगायला नको.

आडव्या उजेडात तिसरी गोष्ट दिसते ती पांढऱ्या रंगाचे उंचवटे. नवशिके याला डाग समजून नाक मुरडतात. उलट आहे. डोळ्यातली चमक, पावसाच्या रेषा, केसांवरची झळाळी हे पुष्कळदा काळ्यावर पांढरं चढवूनच येतं. पांढरं जुनं झालं की पिवळसर पडतं, क्वचित तडकतं. त्याच्या खाली काय झाकलंय ते पान उजेडासमोर धरून मागून बघा. कधी वेगळ्या जागी काढलेला हात सापडतो, कधी अख्खा माणूस.

माणूस झाकण्यावरून विन्स कोलेटा हा अमेरिकन इंकर आठवतो. जॅक कर्बी या पेन्सिलरच्या पानांवर शाई करताना वेळ वाचवण्यासाठी मागची माणसं, खिडक्या तो सरळ पुसून टाकायचा, अशी त्याची ख्याती. त्याची रेष बारीक, टाकाची, केसाळ. त्याच कर्बीवर जो सिनॉटनं शाई केली की जाड गुळगुळीत बाह्यरेषा, लखलखीत यंत्रं. आणि माइक रॉयर करायचा तेव्हा कर्बीनं काढलंय ते जसंच्या तसं, रेष इकडची तिकडे नाही. एकच पेन्सिल, तीन शाया, तीन वेगळी जगं. इंकर कशासाठी लागतो हे कुणाला पटवायचं असेल तर या तिघांची पानं एकापुढे एक ठेवावीत, बोलावं लागत नाही. कोलेटाला शिव्या घालायची पद्धत आहे. पण पौराणिक कथांवर, देवादिकांच्या जुनाट वातावरणावर त्याची ती खरखरीत रेष शोभते, हेही म्हटलं पाहिजे.

श्रेयनामावलीतले शब्दही नीट वाचा. ‘पेन्सिल’ लिहिलं असेल तर पेन्सिलरनं छाया आणि काळ्याच्या जागांसकट पूर्ण रेखाटन दिलंय. ‘ब्रेकडाउन’ किंवा ‘लेआउट’ असेल तर त्यानं नुसती आकृत्यांची मांडणी दिली, आणि इंकरच्या नावापुढे ‘फिनिश’ लिहिलेलं सापडेल. तिथं चेहरे, कपडे, मागचं शहर हे बरंचसं इंकरचंच रेखाटन असतं.

आपल्याकडे ही वाटणी इतकी काटेकोर नव्हती. पेन्सिल आणि शाई बऱ्याचदा एकाच हाताची. कारकळला जन्मलेल्या, म्हणजे आपल्याच कर्नाटकातल्या अनंत पैंनी १९६७ साली अमर चित्र कथा सुरू केली. त्यातले राम वाईरकर आणि प्रताप मुळीक शेजारी ठेवून बघा. वाईरकरांची रेष हसरी, थोडक्यात भागवणारी. ‘टिंकल’मधला सुप्पांडी त्याच रेषेतून आला. मुळीकांची रेष देहाच्या वळणामागं जाणारी, स्नायू आणि वस्त्रं घडवणारी. इंद्रजाल कॉमिक्समध्ये वेताळ (फँटम) वाचलेल्यांनी एक लक्षात ठेवावं: वर्तमानपत्रातल्या पट्ट्या कापून-जुळवून ती पानं बनत. वेताळ काढणाऱ्या साय बॅरीच्या कुंचल्याची रेष आपल्यापर्यंत पोचेपर्यंत स्वस्त कागदानं शाई पिऊन ती फुगवलेली असे. जवळजवळच्या रेषा एकमेकींत मिसळून नुसता काळा डाग व्हायचा. अनुभवी इंकर हे ओळखून रेषांमध्ये मुद्दाम जास्त जागा सोडायचे.

मूळ पान बेळगाव-निपाणीत सहज बघायला मिळत नाही हे खरं. उपाय आहे. २०१० पासून मूळ पानं रंगीत स्कॅन करून मूळ आकारात छापलेली ‘आर्टिस्ट्स एडिशन’ पुस्तकं निघतात. त्यांत कच्च्या आखणीची निळी पेन्सिल, पांढरं, डिंकाचे पिवळे डाग सगळं दिसतं. महाग असतात. नाहीतर चांगलं स्कॅन घेऊन इंजिनिअरिंगच्या पोरांची ड्रॉइंग काढून देणाऱ्या झेरॉक्सवाल्याकडे जा. ए-थ्री म्हणजे ११.७ × १६.५ इंच, त्यामुळे ११ × १७ चा पूर्ण बोर्ड अर्ध्या इंचानं बसत नाही, पण १० × १५ चं चित्र आरामात बसतं. ‘फिट टू पेज’ बंद करायला सांगा, आणि काळ्या-पांढऱ्याऐवजी रंगीत छापून घ्या, नाहीतर निळी पेन्सिल आणि पांढरं दोन्ही गायब.

विकत घेणाऱ्यानं एवढं तरी तपासावं. भिंगाखाली रेषेच्या कडेला बारीक ठिपक्यांची फवारणी दिसली तर ती इंकजेट प्रिंट. काळा भाग पावडर बसल्यासारखा चमकत असेल तर झेरॉक्स. खऱ्या शाईच्या मोठ्या काळ्यात कुंचल्याचे पट्टे दिसतात, काळेपणा सगळीकडे सारखा नसतो. आणि आजच्या पानांची एक गंमत आहे. पेन्सिलर स्कॅन पाठवतो, इंकर ते फिक्या निळ्यात बोर्डावर छापून त्यावर शाई करतो. म्हणजे शाईच्या पानावर शिशाचा चर नसतोच, आणि पेन्सिलचं पान वेगळं विकलं जातं. चर नाही म्हणून पान खोटं म्हणू नका. मात्र विकणारा ‘पेन्सिल आणि शाई एकाच पानावर’ म्हणत असेल तर चर शोधाच.

हातानं करून बघितल्याशिवाय डोळा तयार होत नाही. एकच पेन्सिल-चित्र फिक्या निळ्यात दोन गुळगुळीत जाड कागदांवर छापा आणि दोघांनी वेगवेगळी शाई करा. कार्ट्रिज कागद नको, त्याच्या खरबरीतपणावर टाक अडकतो. दोन नंबरचा सेबल कुंचला, एक लवचीक निब, वॉटरप्रूफ काळी शाई, एवढं पुरे. कुंचला निम्म्या केसांपर्यंतच बुडवायचा. शाईत लाख असते. ती केस धरणाऱ्या वरच्या पत्र्यापाशी वाळली की केस फाकतात आणि टोक कायमचं जातं. दर दहा मिनिटांनी पाण्यात धुऊन ओठांनी नव्हे, बोटांनी टोक करायचं. तळहाताखाली कोरा कागद ठेवा, कारण घामाच्या तेलकटपणावर शाई थांबते, रेष तुटते. जुलै-ऑगस्टमध्ये खानापूरकडे तर कागद हवेतलं पाणी पितो आणि रेषेला मिशा फुटतात. कोपऱ्यात इंचभर रेष ओढून भिंगातून बघा. मिशा दिसल्या तर कागद बल्बखाली तासभर ठेवून मग कामाला लागा. रबर दुसऱ्या दिवशीच, तेही मऊ. घाईनं पुसलं की काळं राखाडी होतं आणि मग सगळं पुन्हा भरायचं.

मूळ पान घरात आलंच तर त्याचा वैरी आपला पाऊसच. फ्रेमवाल्याला तीन गोष्टी ठणकावून सांगा: काच कागदाला टेकता कामा नये, मध्ये आम्लरहित माउंट हवा, आणि मागं सेलोटेप नको, त्याचा तपकिरी डाग निघत नाही. लॅमिनेशनचं नाव काढू नका. पावसाचा मारा खाणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीवर टांगू नका. फ्रेम न केलेली पानं पॉलिएस्टरच्या पिशवीत, आडवी, वरच्या कप्प्यात. पीव्हीसीची पिशवी शाईला चिकटते. दसऱ्याच्या आसपास कोरडं ऊन पडलं की बाहेर काढून मागची बाजू बघा. तांबूस ठिपके आणि कसर दोन्ही आधी तिथंच दिसतात.